झाडलेली वाळू

तार आली तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर बेडकाची पचनसंस्था काढत होतो. शिपाई दारात उभा राहिला, कागद हातात देऊन गेला. ‘काकी गेली. ये.’ एवढंच होतं. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि जठर काढलं, मग लहान आतडं काढलं, बाण दाखवून नावं दिली. तास संपायला दहा-पंधरा मिनिटं होती, ती मी पुरी केली. एका मुलीने विचारलं, बेडूक जमिनीखाली जाऊन पडतो तेव्हा त्याचं पोट कसं चालतं? मी तिला नीट उत्तर दिलं. काय दिलं ते आज आठवत नाही. घंटा झाल्यावर हात धुतले, खडूची पेटी कपाटात ठेवली आणि मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं की मला रजा हवी आहे.

देवगडहून आमचं मालवणकडचं गाव नकाशावर बोटभर अंतरावर आहे, पण मधे खाड्या आहेत. एस.टी. आधी आत कणकवलीपर्यंत जाते आणि तिथून पुन्हा समुद्राकडे येते. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती आणि सगळं उरकलं होतं. अंगणात राखेसारखी माणसं बसली होती. आई म्हणाली, “सकाळी दर्यार जावन इली. पेज जेवली, वाटी धुतल्यान, आडवी झाली. मी उठवूक गेलंय तर...” आता या गोष्टीला महिना होऊन गेला. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. लोक म्हणतात येईल. मी वाट पाहणं सोडून दिलं आहे आणि त्याऐवजी हे लिहायला बसलो आहे, कारण लिहिणं हे एकच काम मला नीट येतं आणि ते मला तिच्यामुळे आलं.

जयवंतीकाकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर होते. मुंबईला माल घेऊन गेले, तिथे तापाने आजारी पडले आणि परत आले नाहीत. मूल नव्हतं. माझे वडील मुंबईला गिरणीत, त्यामुळे आमच्या घरात आई, मी आणि पडवीपलीकडच्या दोन खोल्यांत काकी, अशी तीन माणसं. काकी उंच, हाडापेराने मोठी, बोलायला कमी आणि भांडायला पक्की होती. माडाच्या झापांवरून आईशी तिचं आठ-आठ दिवस बोलणं बंद असे, पण त्या आठ दिवसांतही माझ्या ताटात तिच्याकडचा मासा न चुकता पडत असे.

तिला वाचता येत नव्हतं. पण मी जाळ्यावर जाऊ नये हे तिने कधीतरी ठरवून टाकलं होतं. वडिलांचं पत्र आलं होतं की पोराला आता रापणीवर पाठवा, चार हात शिकेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, सगळ्या वाडीचं मिळून. मी ते पत्र काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता माका लिवक येना नाय, म्हणान तूच लिव. लिव, पोरगो शाळेत जातलो. खाली माजा नाव घाल.” मग मालवणच्या हायस्कुलात तीच मला घेऊन गेली. मुख्याध्यापकांच्या खोलीत ती खुर्चीवर बसली नाही. घरी कधी न बोललेली पुस्तकी मराठी तिने वाटेभर जुळवून ठेवली असावी, कारण ती एकदम म्हणाली, “ह्या मुलाला शिकवा. हा मुलगा हुशार आहे. बाकी काय... बाकी काय ता तुमका ठावक.” शेवटाला तिची मराठी संपली. मुख्याध्यापक हसले. मला तेव्हा लाज वाटली होती, हे लिहून ठेवलं पाहिजे.

आमच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत कासविणी अंडी घालायला येतात. रात्री येतात, वाळू उकरतात, शंभर-शंभर अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि जातात. सकाळी त्यांच्या वल्हवत गेल्याच्या खुणा पाण्यापासून वरपर्यंत नि वरून परत पाण्यापर्यंत उमटलेल्या दिसतात. त्या खुणा ज्याला आधी दिसल्या त्याची अंडी. माझ्या लहानपणी ती अंडी शोधण्यात काकीचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. एक बारीक लोखंडी सळी घेऊन ती निघायची, वाळूत हलकेच खुपसत जायची, सळीचं टोक अंड्याने ओलं होऊन आलं की तिथेच बसायची. विधवा झाल्यावर पहिली काही वर्षं तिने ती अंडी बाजारात नेऊन विकली. आम्हीही ती खाल्ली. कितीही उकडली तरी त्यातला पांढरा भाग घट्ट होत नाही, तो चोखून खावा लागतो. तिला ती फार आवडायची. अगदी अलीकडे एकदा ती आईला म्हणाली होती, “खावक नको गो बाय, पण जिबेक अजून आठवता.” काकी संत होती असं कुणी समजू नये म्हणून हे सांगतो.

पण अंडी काढण्यालाही एक रीत होती. हंगामातलं पहिलं घर देवचाराचं. कासविणीने अंडी घातलेल्या जागेला आमच्याकडे तिचं घरच म्हणतात. आणि देवचार म्हणजे गावाच्या सीमेचा राखणदार. त्याचा दगड किनाऱ्याच्या टोकाला उंडीच्या झाडाखाली आहे. पहिलं घर सापडलं की गावचं देवकार्य बघणारा रामा घाडी यायचा, जागेवर नारळाचं चुडत, म्हणजे विणलेली झावळी, रोवायचा, त्याला लाल चिंधी बांधायचा आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालायचा: “बा देवचारा, तुजा पयला घर तुज्या वळखीत ठेवलेला आसा. तेका कोणाचो हात लागलो तर तूच बघून घे रे म्हाराजा!” आणि आम्ही जमलेले सगळे म्हणायचो, “व्हय म्हाराजा!” त्या घराला मग कुणी हात लावत नसे. पुढची सगळी घरं माणसांची.

एका वर्षी काय झालं, काकीला एक घर सापडायचं राहून गेलं. महिना-दोन महिन्यांनी ती सुकटी वाळत घालायला पहाटेच गेली असताना तिच्या पायाजवळची वाळू हलायला लागली. तिने घरी येऊन सांगितलं ते मला अजून ऐकू येतं. “पेज उकळता बघ, तशी वाळू उकळाक लागली. आणि मगे सगळी भायर... सगळी दर्याकडे. एक पण चुकला नाय.” त्यानंतर तिने सळी आढ्याला खोचून ठेवली. कारण विचारलं तर म्हणाली, “माजो हात दुखता.” तेव्हापासून तिने एक गंमत सुरू केली. हंगामात कुणालाही कुठलंही घर सापडलं की ती रामा घाड्याला घेऊन हजर. “ह्या पयला.” आठ दिवसांनी दुसरं सापडलं, तरी “ह्याच पयला.” रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, भिकू, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा आणि तोंडाने फाटका, सगळ्यांसमोर विचारायचा, “काकी, तुजा पयला कितव्यांदा इला गो?” काकी मागे न बघता म्हणायची, “जितक्यांदा तू इचारतलंस तितक्यांदा.” लोक हसायचे. पण चुडत एकदा रोवलं की ते उपटायला भिकूसुद्धा पुढे होत नसे. रात्री जाळ्यावर जायचं असतं, देवचाराच्या सीमेवरून यायचं असतं. काकीने कुणाला उपदेश केला नाही. कासविणी कमी होत चालल्या आहेत हे ती जाणत होती. आपल्या सासूच्या वेळी किती घरं असत आणि आता किती, हे तिच्या बोटांवर होतं. पण तिने फक्त जुनी रीत थोडी लांबवली आणि तिच्या आडोशाला ती सगळी घरं ठेवली.

मी कोल्हापूरला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर. गोवा सुटला त्या नाताळात मी देवगडच्या शाळेतून सुट्टीवर घरी आलो होतो. गावभर गोव्याच्याच गप्पा होत्या. त्या आठवड्यात हंगामातलं पहिलं घर सापडलं. ते पाण्याच्या फार जवळ होतं. पौषातल्या उधाणात ते बुडणार हे मला दिसत होतं, आणि वाडीतले कुत्रे आधीच वास घेत फिरत होते. रामा घाड्याने चुडत रोवून गाऱ्हाणं घातलं होतं. मला वाटलं, चुडताने भरती थांबत नाही आणि चिंधीने कुत्रे. आपण शिकलो कशासाठी?

भर दुपारी, रापणीची माणसं बघत असताना, मी ते चुडत उपटलं आणि बाजूला ठेवलं. भिकू जाळं सोडून उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, “वसू, नको रे...” मी म्हणालो, “काय होना नाय. हे सगळे खुळे समज आसत.” काकी तिथेच होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “करतंस तर नीट कर.” मी एकेक अंडं बाहेर काढलं, विहिरीवर नेऊन स्वच्छ धुतलं, पुसलं. देवगडहून आणलेली आंब्याची रिकामी पेटी होती, तिच्यात चाळलेली वाळू घातली आणि आंब्याची अढी लावतात तशी ती अंडी थरावर थर लावली. प्रत्येकावर कोळशाने एका बाजूला फुली केली. माझ्याकडच्या पुस्तकात कोंबडीच्या अंड्यांविषयी लिहिलं होतं की ती रोज परतावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. अढीतले आंबेही आपण परततोच. मला ते अगदी पटलं. सुट्टी संपली तेव्हा पेटी काकीच्या खोलीत ठेवली आणि तिला समजावून सांगितलं: रोज सकाळी एकेक अंडं उलटायचं. आज फुली वर, उद्या फुली खाली. एकही चुकवायचं नाही. तिने दोनदा विचारून घेतलं, “सगळी?” मी म्हणालो, “सगळी.”

शिमग्याला मी घरी आलो. ढोल वाजत होते. पेटी उघडली. वरच्या थरातल्या प्रत्येक अंड्याची फुली वर होती. खालच्या थरातही. सगळ्यांची वर, एकही उलटी नाही, म्हणजे त्या सकाळीही तिने एकही चुकवलं नव्हतं. आणि सगळी अंडी मेलेली. काही फुटली होती, वास येत होता. मी हात लावून एकेक बघत गेलो. शेवटच्या अंड्यापर्यंत बघितलं, कारण काय करायचं ते कळत नव्हतं. काकी दाराशी उभी होती. मी विचारलं, “काकी, दिवस कधीच भरून गेले हुते. परतूचा बंद कित्याक नाय केलंस?” ती म्हणाली, “तू थांब म्हणालंस नाय.”

मग ती म्हणाली की तिच्या सासूच्या वेळीही पाण्याजवळची घरं कधीकधी वर हलवत. पण टोपलीत वाळूसकट, अंडी जशी होती तशी. “वरचा वर, खालचा खाल. एक पण उलटा करूचा नाय. हलवला की उलटला, उलटला की गेला.” मी म्हणालो, “तुका ठावक हुता तर सांगलंस कित्याक नाय माका?” तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं.

“तू शिकलेलो,” ती म्हणाली. “माका वाटला, तुका दुसरा काय तरी ठावक आसतला.”

दोन महिन्यांहून अधिक दिवस, रोज सकाळी, शंभराच्या वर अंडी... तिला ठाऊक होतं आणि तरी ती एकेक उलटत राहिली होती. शिक्षणावर इतका विश्वास मी नंतर कुठल्याही सुशिक्षित माणसात पाहिला नाही. मी तिचे पाय धरायला हवे होते का? मी पेटी उचलून मागे नेली आणि माडाच्या आळ्यात पुरली. बाहेर शिमग्याची सोंगं आली होती, त्यांना नारळ द्यायचा होता, तो दिला.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. पुढच्या हंगामात कासविणी आल्या. पहिलं घर सापडलं, रामा घाड्याने चुडत रोवलं, गाऱ्हाणं घातलं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे आवाज कमी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घर खणलेलं होतं. दुसरं, तिसरं, सगळी. नाताळात मी गेलो तेव्हा भिकूच्या अंगणात टोपलीभर अंडी होती. मला बघून तो लपवायलाही गेला नाही. “काय रे मास्तर, बघतंस काय? देवचाराचा पयला घर तू खणलंस. काय झाला तुका? हायस्कुलात कायम झालंस!” सगळे हसले. तो खोटं बोलत नव्हता. मी खरोखरच कायम झालो होतो. ज्या भीतीच्या आडोशाला काकीने ती घरं ठेवली होती, तो आडोसा मी भर दुपारी, चारचौघांत, हाताने काढून बाजूला ठेवला होता. आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे एक मेलेल्या अंड्यांची पेटी होती.

मी अर्ज लिहिले. कासवं वाचवली पाहिजेत, अंडी काढण्यावर बंदी हवी, असे. सरकारी भाषा मला चांगली येते. एका कार्यालयाचं उत्तर आलं की सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. ते मी काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कक्षा म्हणजे काय?” मी सांगितलं. ती म्हणाली, “मगे माज्या कक्षेत येता. माका एक खराटो बांधून दी.”

मला वाटलं अंगण झाडायला. तिने मला माडाच्या झापांचे हीर, म्हणजे पातींमधल्या काड्या, काढायला बसवलं, एकसारखे निवडायला लावले, मुठीत धरून दांड्याला बांधायला शिकवलं. माझी गाठ सैल पडली, तिने ती सोडून पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो खराटा घेऊन ती किनाऱ्यावर गेली आणि वाळू झाडायला लागली. मी मागोमाग गेलो. रात्री एक कासवीण येऊन गेली होती, तिच्या खुणा स्पष्ट होत्या. काकीने त्या पुसल्या. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. रापणीच्या होड्या लागतात तिथपासून उंडीच्या झाडापर्यंत सगळी वाळू तिने झाडून काढली, ओरखडे एका दिशेचे, पाण्याला धरून. मी म्हणालो, “खुणा एकाच जागी हुत्यो.” ती म्हणाली, “तितकाच झाडलंय तर भिक्याक सळी कित्याक व्हयी? झाडलेला बघून खणतलो ना?”

त्यानंतर सात वर्षं ती रोज झाडत होती. कार्तिक लागल्यापासून माघ संपेपर्यंत, कासवीण आलेली असो वा नसो, सूर्य वर यायच्या आत. लोक नंतर उठायचे, तेव्हा सगळा किनारा अंगणासारखा असायचा. पहिल्या वर्षी तिला वेड लागलं म्हणाले. भिकू होडीवर बसून ओरडायचा, “काकी, दर्याक पावणे येतले काय गो? वायच शेणान सारवून पण घे! रांगोळी घाल!” काकी म्हणायची, “तू आंघोळ करून ये, मगे घालतंय.” कधी तो मुद्दाम झाडलेल्या वाळूवरून सरळ चालत जायचा. ती त्याच्या पावलांवरून पुन्हा खराटा फिरवायची, एखाद्या पोराच्या खरकट्यावरून फडकं फिरवावं तशी. सळी घेऊन फिरणारे होतेच, त्यांना कधीकधी घर सापडायचंही. पण इतक्या मोठ्या वाळूत आंधळेपणाने सळी खुपसत फिरायचा हळूहळू कंटाळा येतो. काही घरं राहून जायला लागली. एकदा माघात मी शनिवार-रविवार जोडून घरी गेलो होतो, तेव्हा तिने मला पहाटे उठवलं. उंडीच्या झाडाखाली पिल्लं बाहेर पडत होती. ती खराट्याने कावळे हाकत होती. मला म्हणाली, “मोजू नको हां.” मी मोजली नाहीत.

माझ्या त्या चुकीविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही नाही. मी दर दिवाळीला घरी जायचो आणि तिला नवा खराटा बांधून द्यायचो. ती तो हातात घेऊन जमिनीवर आपटून बघायची, गाठ ओढून बघायची. पहिली दोन-तीन वर्षं ती मी बांधलेला खराटा सोडून पुन्हा बांधायची. चौथ्या वर्षी सोडला नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं त्याला आनंदच म्हणायला हवं. विद्यापीठाच्या पदवीच्या दिवशी तसं काही वाटलं नव्हतं.

या दिवाळीत ती वाकली होती. दोन पावलं टाकली की दम घ्यायला थांबायची. मी म्हणालो, “काकी, ह्या वर्सा ऱ्हवांदे.” ती म्हणाली, “मगे कोण झाडतलो? तू?” मी म्हणालो, “माझी सुट्टी संपता ना...” ती हसली. “मास्तराक शाळा आसा, कासवीक पोट आसा. ऱ्हवला कोण? मी.” मी खराटा बांधला, थोडा हलका बांधला, हीर कमी घेऊन. तिने तो उचलला आणि लगेच ओळखलं. “हलको केलंस,” ती म्हणाली. “बरा केलंस.” एस.टी.ची वेळ झाली होती. ती अंगणापर्यंत आली. हीच शेवटची भेट.

बाराव्यापर्यंत मी घरी होतो. कामं पुष्कळ असतात आणि ती मी सगळी केली. भिकू रोज यायचा, अंगणाच्या कडेला उकिडवा बसायचा, बिडी ओढायचा आणि उठून जायचा. आई म्हणाली, “तेनाच खांदो दिल्यान पयलो. तेवापासून काय बोलणा नाय.” मीही त्याच्याशी बोललो नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला देवगडला परतायचं होतं. सोबत न्यायला तिची एखादी वस्तू असावी असं वाटलं. तिच्या खोलीत फारसं काही नव्हतं. दोन लुगडी, पेजेची वाटी, आढ्याला खोचलेली ती सळी, गंजून बारीक झालेली. सळी मला नको होती. मला खराटा हवा होता. तो दाराच्या फटीला असायचा, तिथे नव्हता. मागच्या पडवीत नव्हता, विहिरीजवळ नव्हता. आईला विचारलं. ती म्हणाली, “थंयच आसतलो, जातलो खंय?”

अजून पुरतं उजाडलं नव्हतं. एस.टी. सातची होती. मी तसाच किनाऱ्यावर गेलो. बारा दिवस तिथे पाऊल टाकलं नव्हतं. काय दिसेल याचा विचार मी मनातल्या मनात करून ठेवला होता. माणसांच्या, कुत्र्यांच्या, बैलांच्या पायांचे ठसे, आणि कदाचित इथे-तिथे खणलेले खड्डे.

वाळू झाडलेली होती. होड्यांपासून पार उंडीच्या झाडापर्यंत. ओरखडे काकीसारखे एका दिशेचे नव्हते. ते रुंद होते, आडवेतिडवे, दणकट हाताचे, मधेच कुठे वाळू उगाचच खरवडल्यासारखी. पण जागा एकही सुटली नव्हती. शेवटच्या होडीच्या सावलीत भिकू जाळ्याची भोकं शिवत बसला होता. होडीखाली, त्याच्या मागे, मी हलका बांधलेला खराटा होता.

“काय मास्तर, चललंस?” तो म्हणाला.

“होय.”

“यष्टी सातची?”

“होय.”

तो जाळ्यात सुई घालत राहिला. मी परत फिरणार होतो. तेव्हा तो जाळ्याकडेच बघत म्हणाला, “पयला इला काल.”

मार्गशीर्ष संपत आला होता. पहिलं कधीच येऊन गेलेलं असणार. कुठे, ते मी विचारलं नाही. समोर सगळी वाळू सारखीच दिसत होती.